वाचकांचे प्रश्न: वीझरचा 'पिंकर्टन' आधी नावडता, मग लाडका, हे झालं कसं?

प्रश्न: ताई, वीझर या अमेरिकन रॉक बँडचा पहिला अल्बम, तो निळ्या कव्हरचा, मला तोंडपाठ आहे, म्हणून मोठ्या अपेक्षेने दुसरा 'पिंकर्टन' लावला तर काय, नुसता गोंगाट, ड्रम डोक्यात बसतात आणि गायक ओरडतोय. माझा मित्र म्हणतो यांचा हाच सगळ्यात भारी अल्बम आणि तुला कानच नाहीत. आता तुम्हीच सांगा, कोण बरोबर?

उत्तर: कान तुमचे ठणठणीत आहेत, तुम्ही जे ऐकलंत ते त्यात खरंच आहे. १९९४ चा निळा अल्बम प्रोड्यूस केला होता 'द कार्स' या बँडच्या रिक ओकासेकने, त्यामुळे तिथे गिटार कितीही जाड असली तरी सगळं घासूनपुसून जागच्या जागी बसलंय. दुसऱ्या वेळी बँडने बाहेरचा प्रोड्युसर घेतलाच नाही, सगळं स्वतः केलं, आणि स्टेजवर येतो तसा आवाज यायला हवा म्हणून गाणारे तिघं आपापला भाग वेगळा रेकॉर्ड न करता तीन माइकभोवती एकत्र उभे राहून गायले, म्हणून ते आवाज एकमेकांत घुसतात, कुठे सूर जरा सुटतो आणि तो सुटलेला तसाच ठेवलाय. पहिलंच गाणं परत लावून बघा, सिंथसायझरचा घरघरता आवाज, त्यावर धाडधाड ड्रम, आणि बँडचा गायक रिव्हर्स क्युओमो गाता गाता मधेच किंचाळायला लागतो. हे सगळं ठरवून केलेलं आहे. तुमच्या मित्राला जे भिडतं तेच तुम्हाला टोचतं, दोघं एकच गोष्ट ऐकताय, त्यामुळे कानांवरून भांडण्यात काही अर्थ नाही.

प्रश्न: पण १९९६ मध्ये लोकांनी याला झोडपलं होतं ना? आणि आता सगळे क्लासिक म्हणतात. म्हणजे तेव्हाच्या लोकांना कळलंच नाही असं समजायचं का?

उत्तर: नाही हो, असं अजिबात समजू नका, मला या गोष्टीचा फार राग येतो. आधी हकिगत सांगते. अल्बम आला सप्टेंबर १९९६ मध्ये, आणि 'रोलिंग स्टोन' या संगीत मासिकाच्या वाचकांनी त्याला त्या वर्षीच्या वाईट अल्बममध्ये तिसरा नंबर दिला. पुढे २००२ मध्ये त्याच मासिकाच्या वाचकांनी त्याला आजवरच्या सर्वोत्तम अल्बममध्ये सोळाव्या नंबरवर बसवलं, आणि २००४ मध्ये मासिकाने नवीन परीक्षण छापून पूर्ण पाच स्टार दिले. अल्बम तोच, एक सूरही बदललेला नाही. (तेव्हाही कौतुक करणारे समीक्षक होते बरं का, सगळ्यांनीच धुतला हे खरं नाही.)

माझं मत विचाराल तर मन बदललेले लोक थोडे असतील, मुख्य म्हणजे ऐकणारेच बदलले. १९९६ चा श्रोता पहिल्या अल्बमचा दुसरा भाग मागत होता, तशीच गोड कोरस, तसाच मजेशीर व्हिडिओ, आणि हाती आलं काय तर एका एकट्या, चिडलेल्या, दुखावलेल्या माणसाची डायरी. क्युओमोने १९९५ मध्ये पायाचं मोठं ऑपरेशन करून घेतलं होतं, एक पाय आखूड होता तो लांब करायचा होता, पायात लोखंडी सांगाडा, हातात काठी, आणि त्याच अवस्थेत हार्वर्डमध्ये शिकायला गेला जिथे ओळखीचं कोणी नाही. गाणी बरीचशी तिथली आहेत. मग नंतर बँड काही वर्षं गप्प बसला आणि त्या काळात इंटरनेटवरून हा अल्बम हातोहात पसरला, तो ऐकणारी पोरं शाळा-कॉलेजातली होती, त्यांना पहिल्या अल्बमशी तुलनाच करायची नव्हती, आणि त्यातल्याच काहींनी पुढे स्वतःचे इमो बँड, म्हणजे मनातलं दुखणं उघडपणे गाणारे रॉक बँड, काढले. जुन्या लोकांना तो अवघडवणारा वाटला ते बरोबरच होतं, नव्यांना तोच अवघडलेपणा आपला वाटला.

याची किंमत मात्र बँडने मोजली. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, तसं २००१ च्या हिरव्या कव्हरच्या अल्बमला परत ओकासेकला बोलावलं आणि गाणी अगदी जपून, गुळगुळीत केली. क्युओमो स्वतः त्या वर्षी 'पिंकर्टन'बद्दल जाहीरपणे वाईट बोलला. मला हे वाचून फार वाईट वाटलं होतं. पुढे तोही निवळला, २०१० च्या टूरमध्ये पहिले दोन्ही अल्बम बँडने पूर्ण वाजवले.

प्रश्न: मला चाली आवडतात पण शब्द खटकतात. जपानी मुलींबद्दल जे लिहिलंय ते ऐकून कसंतरीच होतं. तरी आवडून घ्यायचा का?

उत्तर: खटकतंय ते खटकू द्या. जपानमधल्या एका चाहतीचं पत्र येतं आणि तो तिच्या पत्राचं पाकीट हुंगत बसतो, हे आजही ऐकायला नको वाटतं आणि तसंच वाटायला हवं. फक्त एक गोष्ट माहीत असू द्या, 'पिंकर्टन' हे नाव पुच्चिनीच्या 'मादाम बटरफ्लाय' या ऑपेरातल्या अमेरिकन नौदल अधिकाऱ्याचं आहे, जो जपानी मुलीशी लग्न करून तिला सोडून जातो. म्हणजे अल्बमच्या नावातच त्याने स्वतःला त्या माणसाच्या जागी ठेवलंय, आणि शेवटचं गाणं, बाकी सगळं बंद करून एका अकूस्टिक गिटारवरचं, तिची माफी मागणारं आहे. यामुळे सगळं माफ होतं असं मी म्हणणार नाही, स्वतःचा दोष कळणं आणि दोष नसणं यात फरक आहे. पण तो स्वतःला हिरो समजत नाही हेही ऐकू येतं.

प्रश्न: प्रत्येक बँडचा दुसरा अल्बम फसतोच का?

उत्तर: छे! 'निर्वाणा' या बँडचा 'नेव्हरमाइंड' दुसराच, 'रेडिओहेड' या बँडचा १९९५ चा 'द बेंड्स' दुसराच. निर्वाणाचं तर उलट झालं, पहिला 'ब्लीच' सहाशे डॉलरच्या आसपास खर्चात केलेला खरखरीत आणि दुसरा चकचकीत, मग त्यांचा गायक कर्ट कोबेनलाच तो चकचकीतपणा नको झाला.

प्रश्न: मला एकदा आवडला नाही, परत ऐकायचा तर कुठून सुरू करू?

उत्तर: पहिल्या गाण्यापासूनच, क्रमाने, शफल बंद करून, जेमतेम ३५ मिनिटांचा आहे. आणि त्या आठवड्यात निळा अल्बम लावू नका. फारच जड गेलं तर त्यातलं 'एल स्कॉर्चो' हे गाणं आधी ऐका, लडखडत सुरू होतं, मधेच अचानक दुप्पट वेगाने पळतं आणि परत लडखडतं, तिथे हसू आलं तर बाकीचा अल्बमही जमेल. नाहीच आवडला तर सोडून द्या, आणि मित्राला माझा निरोप द्या की कानांवरून कोणाला बोलू नये.