सोनोग्राफी नॉर्मल होती, मग वर्षभरात एवढा पसरला कसा?

तुम्ही लिहिलंय की आईंची मागच्या वर्षीची सोनोग्राफी नॉर्मल होती, आता पोटात पाणी झालं, बायोप्सीत ‘हाय ग्रेड सीरस’ (ओव्हरीच्या कॅन्सरचा एक आक्रमक प्रकार) आलं आणि डॉक्टर म्हणाले, सुरुवात ओव्हरीत (अंडाशयात) नव्हे, नळीत, म्हणजे अंडाशयाकडून गर्भाशयाकडे जाणाऱ्या गर्भनळीत झाली असावी. आपली हयगय झाली का, हा प्रश्न तुम्हाला झोपू देत नाहीये. हयगय झालेली नाही. मी पंचवीस वर्षं पॅथॉलॉजीत स्लाइड्स बघतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

हा कॅन्सर कसा सुरू होतो, याबद्दल आम्ही शिकलो ते असं: दर महिन्याला बीज बाहेर पडताना अंडाशयाचा पृष्ठभाग फाटतो, भरून येतो आणि त्या दुरुस्तीत कधीतरी एखादी पेशी बिघडते. इजिप्तच्या डॉ. महमूद फथल्ला यांनी १९७१ मध्ये हे मांडलं. पण या प्रकारच्या कॅन्सरची अगदी पहिली पायरी अंडाशयात काही सापडेना. २००१ मध्ये डच डॉक्टरांनी, घराण्यातच हा धोका असलेल्या स्त्रियांच्या खबरदारी म्हणून काढलेल्या नळ्या तपासल्या. बिघाड तिथे होता. पुढे बॉस्टनमध्ये डॉ. क्रम यांच्या गटाने नळीच्या टोकाची झालर बारीक कापून पूर्ण तपासायची पद्धत घालून दिली. तोवर आम्ही नळीचा एखादा काप घ्यायचो आणि बाकीची तशीच ठेवून द्यायचो. मीही तेच केलंय. त्यात काय काय निसटलं असेल, याचं आजही वाईट वाटतं.

त्या झालरीत स्राव तयार करणाऱ्या पेशी असतात. त्यातल्या एकीचं पी-५३ हे पेशींच्या वाढीला आवर घालणारं जनुक बिघडतं. या कॅन्सरच्या जवळजवळ प्रत्येक गाठीत हा बिघाड सापडतो. साध्या रंगात ती पेशी शेजारणींसारखीच दिसते, खास रंग दिला की बिघडलेल्या पेशींची रांग तपकिरी उठून दिसते. तिथून कॅन्सरचा पहिला ठिपका, मग अंडाशय. मोजक्या रुग्णांच्या जनुकांवरून २०१७ मध्ये केलेल्या हिशेबात ठिपक्यापासून अंडाशयापर्यंतच्या टप्प्याला सरासरी साडेसहा वर्षं निघाली, त्यानंतरचा प्रसार मात्र झपाट्याचा. हा ठिपका बहुधा मोहरीहूनही लहान असतो. सोनोग्राफीत तो दिसणार कसा?

शिवाय झालर पोटाच्या पोकळीत उघडी असते. सुटलेल्या पेशींना रक्तातून जायची गरजच नाही, त्या गोळ्यागोळ्यांनी पोटातल्या द्रवात तरंगतात. श्वासाबरोबर हा द्रव उजव्या बाजूने वर, श्वासपटलाखाली सरकतो, म्हणून यकृताच्या वरच्या भागावरही दाणे दिसतात. आतड्यांवरच्या चरबीच्या पडद्यात, म्हणजे ओमेंटममध्ये, त्यांना फावतं, कारण तिथली चरबी त्या इंधन म्हणून वापरतात. सीए-१२५ म्हणून रक्तात जे मोजतात, ते ज्या प्रथिनाचा भाग आहे तेच पोटाच्या अस्तराला चिकटायला मदत करतं. श्वासपटलाच्या लसवाहिन्या (द्रव शोषून नेणाऱ्या बारीक नळ्या) तुंबल्या की द्रवाचा निचरा थांबतो. आईंच्या पोटातलं पाणी त्यातलंच.

ओव्हरीच्या कॅन्सरच्या सगळ्याच प्रकारांची कथा ही नाही. क्लिअर सेल आणि एंडोमेट्रिऑइड हे प्रकार बरेचदा एंडोमेट्रिओसिसमधून, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढण्याच्या आजारातून येतात.

दर वर्षी तपासण्या केल्या असत्या तरी? ब्रिटनमध्ये दोन लाखांहून जास्त स्त्रियांचा अभ्यास झाला, त्यातल्या निम्म्यांची सीए-१२५ किंवा सोनोग्राफीने दर वर्षी तपासणी केली. २०२१ मध्ये निकाल आला: मृत्यू कमी झाले नाहीत. हे वाचून तरी स्वतःला दोष देणं सोडा.

आता करायचं ते. आईंची बीआरसीए (घराण्यात हा धोका आणणाऱ्या जनुकांची) तपासणी झाली नसेल तर आजच विचारा. त्यावर ओलापॅरिबसारख्या कॅन्सरच्या गोळ्यांचा निर्णय अवलंबून असतो, आणि दोष निघाला तर तुम्ही, बहिणी आणि भाऊसुद्धा तपासून घ्या. जनुकात दोष असलेल्या स्त्रियांना मुलं झाल्यावर, बीआरसीए-१ असेल तर ३५ ते ४० वयात, नळ्या आणि ओव्हरी दोन्ही काढायचा सल्ला देतात. नुसत्या नळ्या काढून त्यांना पुरेसं संरक्षण मिळतं, हे अजून सिद्ध झालेलं नाही. आणि आईंचं ऑपरेशन ठरलं की सर्जनना आधीच सांगून ठेवा: दोन्ही नळ्यांची झालर पूर्ण तपासायला पाठवा.