धावायला जा, पण सोबत बघून जा

बाळा,

तुझं पत्र मिळालं. दारू सोडून दोन महिने होत आले, रोज पहाटे एकटाच पळतोस आणि पुढच्या वर्षी न्यूयॉर्कची मॅरेथॉन करायची म्हणतोस. वाचून फार बरं वाटलं. काळजीही वाटली, ती एकटं पळण्याची.

पळण्याने दारू सुटते असं मी म्हणणार नाही. व्यसनमुक्तीच्या कामात इतकी वर्षं काढल्यावर माझं मत असं झालंय, की पळणं पहाटेचा तास सांभाळतं. संध्याकाळ सांभाळायला माणसंच लागतात. आणि तुझ्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. तुझी आई आणि मी न्यूयॉर्कच्या कुठल्याही गल्लीतून भराभरा चालत गेलो तरी कुणी मान वर करून बघत नाही. तुझे वडील कृष्णवर्णीय, आणि तुझा रंग त्यांचा. अंधारात डोक्यावर टोपी ओढून तू पळायला लागलास की काहींना खेळाडू दिसतच नाही. 23 फेब्रुवारी 2020 ला अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात 25 वर्षांचा कृष्णवर्णीय तरुण अहमॉड आर्बरी पळायला निघाला होता. तीन गोऱ्या माणसांनी गाड्या घेऊन त्याचा पाठलाग केला, त्यातल्या एकाने गोळ्या घालून त्याला मारलं. ते मी भोगलेलं नाही, म्हणून त्यावर उपदेश करत नाही. तिथे वडिलांचंच ऐक. मला ठाऊक आहे ते एवढंच, की दिवसा गिळलेला अपमान संध्याकाळी बाटली मागतो. तो त्याच दिवशी कुणाजवळ तरी बोलून टाकायला हवा, आणि न सांगताही ज्याला तो कळेल असं माणूस समोर असलं तर निम्मं काम होतं.

अशी माणसं तुझ्या शहरात आज जमायला लागलेली नाहीत. 1936 मध्ये हार्लेममध्ये, म्हणजे न्यूयॉर्कमधल्या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत, जोसेफ यान्सी आणि त्यांच्या दोन कृष्णवर्णीय सोबत्यांनी पायोनियर नावाचा धावपटूंचा क्लब काढला. पुढे त्यांनी तो सगळ्या वर्णांच्या धावपटूंना खुला केला, तेही अशा काळात, जेव्हा कित्येक क्लब कृष्णवर्णीयांना दारात उभं करत नव्हते. धावपटू टेड कॉर्बिट त्याच क्लबचे. आजोबा गुलामगिरीत जन्मलेले, स्वतः फिजिओथेरपिस्ट. कॉलेजात असताना गोरे खेळाडू सोबत धावायला तयार नाहीत म्हणून काही स्पर्धांत त्यांना उतरता आलं नाही. 1952 ला ते हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन धावले; अमेरिकेकडून ती शर्यत धावणारे ते पहिले कृष्णवर्णीय पुरुष. कामावर पळत जायचे, सुट्टीच्या दिवशी मॅनहॅटन बेटाला पळत वळसा घालायचे, आणि वाटेत पोलीस त्यांनाही अडवायचे. 1958 मध्ये न्यूयॉर्कच्या रोड रनर्सचा क्लब उभा राहिला तेव्हा पहिले अध्यक्ष तेच होते. शर्यतीचं अंतर सायकलच्या चाकाने अचूक मोजण्याची रीत अमेरिकेत रुजवली तीही त्यांनीच. तू ज्या मॅरेथॉनचं स्वप्न बघतोस ती याच क्लबाने सुरू केली. त्या रस्त्यावर तू पाहुणा नाहीस, बाळा. कुणी तसं भासवलं तर हे आठव.

म्हणून हार्लेममधल्या एखाद्या गटात जा. अ‍ॅलिसन देझीर या बाई स्वतः नैराश्यातून पळण्याच्या आधाराने बाहेर आल्या आणि मग त्यांनी 'हार्लेम रन' हा पळणाऱ्यांचा गट सुरू केला. दारू-नशा सोडलेल्यांना व्यायामासाठी एकत्र आणणारी 'द फीनिक्स' नावाची संस्थाही आहे. तिथे पैसे घेत नाहीत. गेल्या 48 तासांत दारू किंवा नशा केलेली नसावी, एवढीच अट. पहिल्या दिवशी सगळ्यांत मागे राहिलास तरी चालेल. मात्र महिन्याभरात गटातल्या निदान एकाला खरं सांग, की मी दारू सोडली आहे. शर्यत संपली की बऱ्याच ठिकाणी बिअरचा तंबू असतो, पदकासोबत कूपनही हातात देतात. त्या वेळी तुझा दंड धरून दुसरीकडे नेणारं कुणीतरी हवं.

दुखापतीचे आठवडे मला सगळ्यांत धोक्याचे वाटतात. गुडघा धरला, पळणं बंद पडलं की मोकळी पहाट, चिडचिड आणि 'आता काय उपयोग' हा विचार एकदमच येतात. अशा वेळी घरी बसू नकोस. पळता येत नसेल तर पाणी वाटायला जा, कपडे सांभाळ, पण ठरल्या वेळी तिथे हजर राहा. आणि मॅरेथॉनच्या सरावापायी एए ची, म्हणजे दारू सोडणाऱ्यांच्या 'अल्कोहोलिक्स अनॉनिमस' गटाची मीटिंग चुकवू नकोस. काही जण दारूच्या जागी मैल मोजायला लागतात. पाय थांबले की ते पुन्हा बाटलीपाशी येतात. मी हे फार जवळून पाहिलंय. मॅरेथॉन दोन वर्षांनी केलीस तरी मला चालेल.

स्लिप झाली, म्हणजे एखाद्या दिवशी पुन्हा प्यालास, तर लपवू नकोस, त्याच रात्री स्पॉन्सरला, म्हणजे एए मधल्या तुझ्या जुन्या जाणत्या सोबत्याला फोन कर. पुन्हा रोज प्यायला लागलास आणि मग अचानक थांबवल्यावर हात थरथरू लागले, घाम फुटला, भलतंसलतं दिसू लागलं, तर 'पळून घाम काढतो' असलं काही मनात आणू नकोस. सरळ इमर्जन्सी गाठ. त्यात जीव जाऊ शकतो.

येत्या शनिवारी कुठल्या गटाबरोबर गेलास, आणि तिथे कुणाचा नंबर घेतलास, ते मला कळव. आईला सगळं सांगायचं की नाही ते तू ठरव, मी माझ्याकडून काही बोलणार नाही.

तुझी,
मावशी