नोफॉलो लिंक वाया जातात का?

आपल्या संकेतस्थळाला मिळालेल्या लिंकपैकी बहुतेक 'नोफॉलो', म्हणजे शोधनिकालांतील क्रमवारी ठरवताना मोजू नये अशी खूण असलेल्या निघाल्या, तेव्हा त्या वाया गेल्या असे समजून पैसे मोजून 'डूफॉलो' लिंक घ्याव्यात का, असा आपला प्रश्न आहे. माझे स्पष्ट मत असे की घेऊ नयेत.

मुळात 'डूफॉलो' नावाचे अ‍ॅट्रिब्यूट, म्हणजे टॅगमध्ये लिहायचा गुणधर्म, एचटीएमएल या वेबपाने लिहिण्याच्या भाषेत नाहीच. लिंकच्या टॅगमधील 'रेल' या अ‍ॅट्रिब्यूटमध्ये नोफॉलो वगैरे काही लिहिलेले नसले की ती साधी लिंक होते आणि बाजारात तिलाच हे नाव देऊन विकले जाते. नोफॉलो आले ते २००५ साली. ब्लॉगखालच्या प्रतिक्रियांत जाहिरातींच्या लिंकचा इतका सुळसुळाट झाला होता की गूगल, याहू आणि एमएसएन यांनी मिळून 'या लिंकची हमी आम्ही घेत नाही' असे सांगण्याची सोय संकेतस्थळांना करून दिली. सप्टेंबर २०१९ मध्ये गूगलने पैशाच्या लिंकसाठी 'स्पॉन्सर्ड' आणि वाचकांनी टाकलेल्या लिंकसाठी 'यूजीसी' ही मूल्ये जोडली, आणि तेव्हापासून क्रमवारीच्या बाबतीत ही तिन्ही मूल्ये गूगल आज्ञा म्हणून नव्हे, तर सूचना म्हणून वाचते. त्यामुळे नोफॉलो म्हणजे शून्य, हे समीकरण आता तितकेसे खरे राहिलेले नाही. विकिपीडियावरील बाहेरच्या लिंक नोफॉलोच असतात. तरीही तेथे संदर्भ म्हणून आलेल्या पानावर वाचक येतात आणि त्यांतील एखादा पुढे आपल्या लेखात साधी लिंक देऊन जातो.

अ‍ॅट्रिब्यूटच्या जोरावर क्रमवारी वळवण्याचा मोह मलाही झाला होता. 'संपर्क', 'आमच्याविषयी' अशा स्वतःच्याच पानांच्या लिंकना मी नोफॉलो लावत असे, जेणेकरून लिंकमधून क्रमवारीसाठी पुढे जाणारे सगळे वजन उत्पादनांच्या पानांकडे जाईल. २००९ साली गूगलच्या मॅट कट्स यांनी त्यातील हिशेब उलगडून सांगितला: पानाकडे अशा वजनाचे दहा गुण आणि दहा लिंक असतील व त्यांतील पाच नोफॉलो असतील, तर उरलेल्या पाचांना प्रत्येकी दोन नव्हे, एकच गुण मिळतो, बाकीचे पाच हवेत विरतात. त्यानंतर ते सगळे नोफॉलो मी एकेक करून काढले, आणि हे काम लावण्यापेक्षा जास्त कंटाळवाणे होते.

'रेल'मध्येच दिसणाऱ्या 'नोओपनर' आणि 'नोरेफरर' यांचा क्रमवारीशी संबंध नाही. पहिल्यामुळे नव्याने उघडलेल्या पानाला मूळ पानावर ताबा मिळत नाही. दुसऱ्यामुळे वाचक कोठून आला हेही समोरच्याला कळत नाही.

राहिला पैशाचा प्रश्न. विकत घेतलेली लिंक स्पॉन्सर्ड किंवा नोफॉलो नसेल, तर ते गूगलच्या नियमांचे उल्लंघन ठरते आणि संकेतस्थळावर थेट कारवाई होऊ शकते. अशा काही लिंक आपण आधीच घेतल्या असतील, तर ज्यांच्याकडून घेतल्या त्यांना आजच पत्र लिहून तेथे स्पॉन्सर्ड लावायला सांगावे, आणि काही दिवसांनी त्या लिंकवर उजवी क्लिक करून 'इन्स्पेक्ट'मध्ये ते खरोखर लागले आहे का, हे स्वतः पाहावे.