पालक कुटुंबातल्या मुलीचं लग्न : सही कुणाची?

सोलापूर शहर आणि तालुक्यांतून या विषयावर आलेल्या पत्रांपैकी निवडक पत्रांना इथे उत्तरं देत आहोत. पत्रलेखकांची नावं मुद्दाम गाळली आहेत. सरकारने नेमलेली बालकल्याण समिती काळजीची गरज असलेलं मूल सांभाळायला ज्या घरी देते ते ‘पालक कुटुंब’, आणि ही व्यवस्था म्हणजे फॉस्टर केअर.

प्रश्न : बालकल्याण समितीच्या आदेशाने एक मुलगी आमच्याकडे फॉस्टर केअरमध्ये आहे. वय सतरा. ओळखीतलं चांगलं स्थळ आलंय. मुलगा चोवीसचा, टॉवेल कारखान्यात कायम. मुलीचीही तयारी आहे. संमतीपत्र कुणाचं लागेल? आमचं, समितीचं की तिच्या सख्ख्या आईचं?
– एक भगिनी, अक्कलकोट रोड एमआयडीसी परिसर

उत्तर : तिघांचंही आणलंत तरी उपयोग नाही. मुलीला 18 आणि मुलाला 21 पूर्ण होण्याआधी लग्नाला परवानगी देण्याचा अधिकार 2006 च्या बालविवाह प्रतिबंध कायद्याने कुणालाच दिलेला नाही. समितीला नाही आणि न्यायालयालाही नाही. ‘घरच्यांची सही असली की चालतं’ हा समज जुना आहे. 1955 च्या हिंदू विवाह कायद्यात वधूचं किमान वय 15 होतं आणि तिला 18 पूर्ण नसतील तर पालकाची संमती लागत असे. 1978 मध्ये वय वाढवलं, तेव्हा संमतीची ती तरतूदच काढून टाकली. समज मात्र गेला नाही.

तुमच्या बाबतीत एक गोष्ट जास्त काळजीची आहे. मूल ज्याच्या ताब्यात आहे त्याने बालविवाह होऊ दिला, तर कलम 11 त्याला दोषी धरतं. त्याने निष्काळजीपणा केला असं गृहीतच धरलं जातं आणि तसं नव्हतं हे त्यालाच सिद्ध करावं लागतं. शिक्षा दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. या कलमाखाली बाईला कैद होत नाही, दंड होतो. पण तुमच्या यजमानांना ती सवलत नाही. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. नवरा मुलगा सज्ञान असल्यामुळे कलम 9 खाली तोही अडकेल, आणि लग्न लावणारे व त्याला हातभार लावणारे कलम 10 खाली.

‘नुसता साखरपुडा उरकून ठेवू’ असा सल्ला देणारे भेटतीलच. लग्न ठरलंय एवढं कळलं तरी प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी मनाई हुकूम काढू शकतात आणि तो मोडून लावलेलं लग्न मुळातच रद्द ठरतं. शिवाय अल्पवयात लग्न होण्याचा धोका असलेली मुलगी ही बालन्याय कायद्यानुसार ‘काळजी व संरक्षणाची गरज असलेलं बालक’ असते. म्हणजे तिला तुमच्या घरी ठेवण्याच्या आदेशाचा समिती फेरविचार करू शकते.

तेव्हा स्थळाकडच्यांना मुलीला 18 पूर्ण होण्याची तारीख सांगा आणि त्याआधी काही होणार नाही हेही स्पष्ट सांगा. जिल्हा बाल संरक्षण कक्षाला स्थळ आल्याचं लेखी कळवा आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. उद्या तिच्या नात्यातल्या कुणी परस्पर घाई केली, तर ही पोचच तुमच्या कामी येईल. मुलीला समितीसमोर एकटीला बोलू द्या. सतराव्या वर्षीची ‘तयारी’ कधी प्रेमाची असते, तर कधी ‘अठरा झाल्यावर मी कुठे जाऊ’ या धास्तीची, आणि ती तुमच्यासमोर मोकळी होईलच असं नाही.

प्रश्न : मला 18 पूर्ण झाली. संस्थेत आणि नंतर पालक कुटुंबात वाढले. पालक कुटुंबाला आमचं लग्न मान्य नाही, जन्मदात्या वडिलांचा पत्ता नाही. विवाह नोंदणीला त्यांच्या सह्या लागतील का?
– एक वाचक, बार्शी

उत्तर : नाही. विशेष विवाह कायदा, 1954 खाली लग्न करायचं असेल, तर दोघांपैकी एकजण किमान 30 दिवस ज्या जिल्ह्यात राहतोय तिथल्या विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्या. ती फलकावर लागते आणि 30 दिवस हरकती घेता येतात. हरकत फक्त कायद्यातल्या कारणांवर चालते : वय, आधीचं लग्न, निषिद्ध नातं, मानसिक अक्षमता. ‘आम्हाला पसंत नाही’ हे त्यात बसत नाही. मुदत संपल्यावर तीन साक्षीदारांसह लग्न लागतं. नोटिशीपासून तीन महिने उलटले तर सगळं पहिल्यापासून. विधीने लग्न केलंत, तर नोंदणीसाठी नमुना ‘ड’ मधला अर्ज 90 दिवसांत, महापालिका, नगरपरिषद किंवा ग्रामपंचायतीच्या विवाह निबंधकाकडे.

घोडं अडतं ते वयाच्या पुराव्यापाशी. संस्थेतून आलेल्या पुष्कळ मुलांच्या दाखल्यावर जन्मतारीख 1 जून असते, कारण शाळेत नाव घालताना खरी तारीख कुणालाच माहीत नव्हती. मग दाखल्यावर 1 जून, आधारवर 1 जानेवारी, आणि कुठल्या तरी नगरपालिकेच्या नोंदीत तिसरीच तारीख. समितीपुढे वयाचा प्रश्न आला, तर बालन्याय कायद्याचं कलम 94 क्रम सांगतं : आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र, ते नसेल तर जन्मनोंद, काहीच नसेल तर वैद्यकीय तपासणी. आधार या यादीत नाही. समितीच्या आदेशाची प्रमाणित प्रत मागून घ्या. वय त्यात नोंदलेलं असतं. तारखा जुळत नसतील, तर त्या नोटीस देण्याआधी दुरुस्त करून घ्या. नोटीस फलकावर गेल्यावर नाराज नातेवाईक नेमका याच फरकावर बोट ठेवतात.

आणि हो, मुलाला 21 पूर्ण आहेत ना? वीस वर्षांच्या मुलाशी लावलेलं लग्नही बालविवाहच.

प्रश्न : मुलींचं वय आता 21 झालं म्हणतात. खरं का?
– एक वाचक, मोहोळ

उत्तर : नाही. तसं विधेयक डिसेंबर 2021 मध्ये लोकसभेत आलं, पण मंजूर न होताच 2024 मध्ये लोकसभेबरोबर बारगळलं. वय 18 च आहे.

प्रश्न : आमच्या गावातली आई-वडील नसलेली सोळा वर्षांची मुलगी. चुलत्याने सीमेपलीकडे नेऊन कर्नाटकातल्या आळंद तालुक्यात लग्न लावलं. ‘आता लागलं ते लागलं’ म्हणतात.
– एक अंगणवाडी सेविका, अक्कलकोट तालुका

उत्तर : लागलं म्हणून टिकतंच असं नाही. सीमा ओलांडली की सुटलो, हा हिशेब उलटा अंगाशी येणारा आहे. महाराष्ट्रात बालविवाह ‘रद्द करण्याजोगा’ असतो, म्हणजे मुलीने मागितलं तर रद्द होतो. कर्नाटकाने 2016 च्या दुरुस्तीने तो मुळापासूनच रद्दबातल ठरवला आहे. महाराष्ट्रातल्या तरतुदीनुसार जायचं झालं, तर मुलगी 18 च्या आत असताना तिच्या वतीने पालक किंवा हितचिंतक व्यक्ती, बालविवाह प्रतिबंधक अधिकाऱ्यासह, जिल्हा न्यायालयात अर्ज करू शकते. कौटुंबिक न्यायालय असेल, तर त्या न्यायालयात. पुढे तिला स्वतःला 20 पूर्ण होईपर्यंत मुदत आहे. रद्द करताना पोटगी आणि राहण्याची सोय यांचा आदेशही मागता येतो. तिला मूल झालं असेल, तर ते कायद्याने औरसच.

पण न्यायालय नंतर. आधी 1098 या बाल मदत क्रमांकावर कळवा. ग्रामसेवक (आता पदनाम ‘ग्रामपंचायत अधिकारी’) हाच गावातला बालविवाह प्रतिबंधक अधिकारी, त्यांनाही लेखी द्या. 18 च्या आतल्या मुलीशी शरीरसंबंध हा लग्न झालेलं असलं तरी गुन्हाच आहे; सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2017 मध्ये हे स्पष्ट केलं आणि भारतीय न्याय संहितेतही आता तीच वयोमर्यादा आहे. मुलगी गरोदर असेल तर पोलिसांना कळवणं डॉक्टरांना बंधनकारक आहे. त्या भीतीने तिला दवाखान्यात न्यायचंच टाळतात, ते होऊ देऊ नका.

प्रश्न : मुलगी ख्रिस्ती, 19 वर्षांची, पालक कुटुंबात वाढलेली. चर्चमधून वडिलांची संमती मागतात. हे बरोबर आहे का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : बरोबर आहे, आणि संमती खरोखर लागते अशी ही एकच जागा. 1872 च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्यात 21 च्या आतली व्यक्ती ‘अज्ञान’ (अल्पवयीन) धरली जाते. संमती आधी वडिलांची. ते हयात नसतील तर कायदेशीर पालकाची, तोही नसेल तर आईची. फॉस्टर केअरच्या आदेशाने कुणी आपोआप असा पालक होत नाही, त्यामुळे पालक कुटुंबाची सही इथे पुरत नाही. संमती देण्याचा अधिकार असलेलं कुणीच भारतात राहत नसेल, तर ही अट गळते. थांबायचं नसेल, तर याच मुलीला विशेष विवाह कायद्याखाली कुणाच्याही संमतीशिवाय लग्न करता येतं. चर्चमधली प्रार्थना नंतर करता येईल का, हे धर्मगुरूंशी बोलून ठरवा.