डोंगराच्या बर्फाळ धारेवर पहिल्यांदा जाताना

पहाटे अंधारातच निघा. रात्री गोठलेल्या बर्फात क्रॅम्पॉन, म्हणजे बुटांखाली बांधायचे धातूचे दात, घट्ट बसतात. ऊन चढलं की तोच बर्फ भुसभुशीत होतो. पाऊल घोट्याच्या वर रुतायला लागलं तर शिखर जवळ दिसत असलं तरी परत फिरा. उन्हाकडच्या उतारांवर ओलं हिमस्खलन अशाच वेळी होतं.

सगळ्यात फसवा असतो तो धारेबाहेर लोंबणारा बर्फाचा सज्जा. वरून तो सरळ वाटच भासतो आणि तुटताना कडेला नाही, कित्येकदा बराच आत तुटतो. म्हणून माथा सोडून वारा येतो त्या बाजूने, उघडा खडक दिसतो तिथून चाला. आधीच्या पावलांच्या खुणांवर विसंबू नका. आइस ॲक्स, म्हणजे बर्फाची कुऱ्हाड, चढाकडच्या हातात धरा. क्रॅम्पॉनखाली बर्फाचे गोळे जमले की तिच्याच दांड्याने ठोकून पाडा, नाहीतर दात बर्फात रुतणारच नाहीत. गॉगल ढगाळ हवेतही काढू नका. सनस्क्रीन हनुवटीखालीही लावा.