प्रोजेक्टर छताला टांगताना: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: हॉल १४ फूट लांब आहे, छत साडेनऊ फुटांवर. १०० इंची पडदा घेतला आहे. प्रोजेक्टरच्या माहितीपत्रकात थ्रो रेशो १.२ ते १.५ लिहिलाय. भोक नेमकं कुठे पाडावं? (कोथरूड, पुणे)

आधी लेन्सची जागा ठरवा, भोक त्यानंतर. १६:९ प्रमाणाचा १०० इंची पडदा २२१ सेंमी रुंद आणि १२५ सेंमी उंच असतो. रुंदीला थ्रो रेशोने गुणलं की अंतर मिळतं: तुमच्यासाठी २६५ ते ३३२ सेंमी. दोन्ही टोकं टाळून ३०० च्या आसपास राहा, म्हणजे चित्र थोडं लहानमोठं करायला झूम हाताशी राहतो. हे अंतर पडद्यापासून लेन्सपर्यंतचं आहे. माउंटचा (प्रोजेक्टर टांगायच्या सांगाड्याचा) दांडा लेन्सच्या बराच मागे येतो, तेव्हा तेवढं अंतर प्रोजेक्टरवर मोजून भोक मागे घ्या. अनेक प्रोजेक्टरमध्ये लेन्स एका बाजूला असते. पडद्याच्या मध्यरेषेवर लेन्स यायला हवी, प्रोजेक्टरचं पोट नव्हे. जमिनीवर खूण करून ओळंब्याने ती छतावर न्या.

उंचीचा हिशेब बहुतेक ठिकाणी चुकतो. प्रोजेक्टर उलटा टांगला की चित्राची वरची कड लेन्सच्या खाली पडते. किती खाली, ते ऑफसेटवर, म्हणजे लेन्स आणि चित्राची कड यांतल्या ठरावीक उभ्या अंतरावर ठरतं. समजा ते चित्राच्या उंचीच्या १० टक्के आहे, म्हणजे साडेबारा सेंमी. चित्राची खालची कड जमिनीपासून ९० सेंमीवर ठेवली तर वरची २१५ वर येते आणि लेन्स साधारण २२७ सेंमीवर हवी. तुमचं छत २९० वर, म्हणजे लेन्स स्लॅबपासून ६३ सेंमी खाली. प्रोजेक्टर छताला चिकटवला तर चित्र वर सरकतं, मग तो खाली झुकवावा लागतो आणि चित्र समलंब होतं. कीस्टोनने (चित्राचा आकार सुधारणाऱ्या प्रोजेक्टरमधल्या सोयीने) ते चौकोनी करता येतं, पण त्यात पिक्सेल वाया जातात आणि अक्षरांच्या कडा मऊ पडतात. उभा लेन्स शिफ्ट, म्हणजे प्रोजेक्टर न झुकवता चित्र वरखाली सरकवायची सोय असलेल्या प्रोजेक्टरला ही अडचण बरीच कमी होते.

लांब दांड्याचा आणखी एक फायदा असा की आपल्याकडे हॉलच्या मधोमध पंखा असतो. त्याची पाती स्लॅबपासून फूटभर खाली फिरतात. छताला चिकटलेल्या प्रोजेक्टरचा झोत पात्यांतून जाऊन पडद्यावर लुकलुकतो. ६३ सेंमी खाली असलेला झोत पात्यांच्या खालून निघतो. दांडा घेण्यापूर्वी हे दोरी लावून तपासा.

प्रश्न: घरी जिप्समचं फॉल्स सीलिंग आहे. त्यालाच स्क्रू मारले तर चालेल का? प्रोजेक्टर साडेतीन किलोचा आहे. (ठाणे)

नाही. साडेबारा मिमीचा जिप्सम बोर्ड स्वतःचं वजन कसंबसं धरतो; टांगलेलं वजन आणि कंप यांनी स्क्रूभोवतीचा चुरा हळूहळू निघून येतो. बोर्डामागे पंख उघडून धरणारा फुलपाखरू प्लगही इथे पुरत नाही. भार स्लॅबवरच जायला हवा.

सर्वांत पक्की पद्धत ८ मिमीच्या चार आटेदार सळ्यांची. बोर्डावर लोहचुंबक फिरवा; जिथे तो ओढला जातो तिथे चॅनेलचे (बोर्ड धरणाऱ्या पत्र्याच्या पट्ट्यांचे) स्क्रू आहेत, त्या रेषा सोडून चार खुणा करा. बोर्डाला भोकं पाडून लांब १० मिमी बिटने स्लॅबमध्ये ड्रॉप-इन अँकरची (सळई धरणाऱ्या, आतून आटे असलेल्या धातूच्या नळीची) भोकं घ्या. अँकर पंचने ठोकून फुलवायचा असतो, हे काम बोर्डाखालून होत नसेल तर हात जाईल इतका, दहा इंची चौकोन कापा. नंतर तो झाकणाने बंद होतो. सळ्या अँकरमध्ये फिरवून घट्ट बसवल्यावर खाली १८ मिमीचा प्लाय लावा, बोर्डाला घट्ट टेकवून. नुसत्या सळ्या टांगलेल्या राहिल्या तर सगळं झुलतं. प्लायच्या खाली वॉशर, नट आणि त्यावर चेकनट (पहिला नट सैल होऊ न देणारा दुसरा नट). माउंट त्या प्लायला बोल्टने आरपार बसवा.

प्रश्न: माउंट बसवून महिना झाला. शेजारी दार आपटलं की चित्र हलतं, आणि एक फास्टनर पान्याने नुसता गोल फिरतो. (नाशिक)

फिरणारा फास्टनर (भोकात फुलून घट्ट बसणारा बोल्ट) काँक्रीटला धरतच नाही. कारणं तीन असतात. छताचा गिलावा सेंटिमीटरभर जाडीचा असतो आणि त्याला ताकद नसते. ४० मिमी भोकातले दहा त्यात गेले की काँक्रीटमध्ये जेमतेम तीस उरतात. दुसरं, भोकातली धूळ फुंकून काढलेली नसते, मग बोल्टभोवतीची नळी (स्लीव्ह) फुलते ती धुळीत. तिसरं, ड्रिल हलवून भोक अंडाकृती झालेलं असतं.

फास्टनर काढा, जुनं भोक सिमेंटने भरा आणि किमान ७५ मिमी सरकून नवं घ्या. ८ मिमीचा ७५ मिमी लांब बोल्ट फास्टनर घेतला तर त्याच्या पाकिटावर दिलेल्या मापाच्या बिटने, टेपची खूण बांधून, काँक्रीटमध्ये किमान ४५ मिमी जाईल असं भोक पाडा. बिट मध्येच अडली आणि लखलखीत धातूची पूड आली तर सळई लागली आहे. जोर न करता जागा बदला. पंख्यापासून किंवा दिव्यापासून स्विचबोर्डाकडे जाणाऱ्या सरळ रेषेत भोक कधीच नको, स्लॅबमधल्या वायरीच्या नळ्या तिथूनच जातात. मेन स्विच बंद करून बॅटरीचं ड्रिल वापरा, गॉगल आणि मास्क लावा. नव्या उंच इमारतींत ताणलेल्या केबलचा पोस्ट-टेन्शन स्लॅब असू शकतो. सोसायटीकडून खात्री झाल्याशिवाय तिथे ड्रिल लावू नये. जुन्या इमारतीत गिलावा फुगलेला असेल आणि टकटक केल्यावर पोकळ आवाज येत असेल तर तिथे आधी स्लॅबची दुरुस्ती करावी लागेल.

कंप इतका का दिसतो? तीन मीटर अंतरावर प्रोजेक्टर अंशाच्या दहाव्या भागाइतका जरी झुकला, तरी चित्र पाच मिमी सरकतं. दांडा लांब असेल तर माउंटची छताला टेकणारी प्लेट रुंद हवी, आणि पोलादी दोरीने प्रोजेक्टर वेगळ्या फास्टनरला बांधून ठेवा.

प्रश्न: आमचं कौलारू घर आहे. वाशाला लावता येईल? (सिंधुदुर्ग)

एका वाशाला नको. स्क्रूड्रायव्हरचं टोक दाबून लाकूड तपासा. टोक सहज आत गेलं तर वाळवी किंवा कूज आहे. चांगल्या दोन वाशांवर आडवी फळी टाका, ती ६ मिमीच्या कोच स्क्रूने आवळा, आणि आधी ४ मिमीचं भोक घ्या, नाहीतर लाकूड चिरतं. पावसाळ्यात कौलातून ठिबकणारं पाणी थेट प्रोजेक्टरवर येतं, तेव्हा गळती असलेल्या जागेखाली टांगू नका.

प्रश्न: वायरी भिंतीतून न्यायच्या आहेत. कोणती एचडीएमआय केबल, किती जाड पाइप? (डोंबिवली)

पाच मीटरपर्यंत ४के चित्रासाठी चांगली तांब्याची केबल चालते. त्यापुढे ऑप्टिकल एचडीएमआय घ्या. तिला दिशा असते, 'डिस्प्ले' लिहिलेलं टोक प्रोजेक्टरकडे. एचडीएमआयचा कनेक्टर सुमारे वीस मिमी रुंद असतो, म्हणून पाइप किमान ३२ मिमी घ्या आणि काटकोनी एल्बोऐवजी लांब वळणाचे बेंड लावा. पाइपमध्ये एक तार ओढून ठेवा, केबल बदलायची वेळ येतेच. विजेची वायर वेगळ्या पाइपमधून न्या. गिलावा करण्यापूर्वी केबल दोन्ही टोकांना जोडून चित्र येतं का ते पाहा.