साठच्या दशकातले युरोपीय गुन्हेपट आणि हेरपट : इंग्रजी डब बघावेत की मूळ भाषेत? सुरुवात कुठून करावी?

मूळ भाषा म्हणजे कुठली, ते आधी ठरवा. तुम्ही विचारलंय की १९६०च्या दशकातले इटालियन, जर्मन, फ्रेंच खूनपट आणि हेरपट बघायचेत, तर इंग्रजी डब बघू की सबटायटल्स लावून मूळ भाषेत, आणि पहिला कोणता बघू. यातल्या पहिल्या प्रश्नावरून आमच्या घरात चांगलीच जुंपलेली आहे, त्यामुळे दुसऱ्याकडे वळायला मला जरा वेळ लागेल.

माझे धाकटे दीर कॉलेजपासून फिल्म सोसायटीवाले. माणूस वाचलेला, बघितलेला, पण मत देताना न्यायाधीशाच्या खुर्चीतून देणार. मी जर्मन शिकले, त्या जोरावर एका यंत्र बनवणाऱ्या कंपनीत भाषांतराचं काम केलं, कामानिमित्त काही काळ हॅम्बुर्गला राहिले आणि तिथे या जुन्या चित्रपटांच्या नादी लागले. परत येताना कपड्यांपेक्षा डिस्कच जास्त आणल्या. भाऊजींना हे कधीच पटलं नाही. त्यांच्या मते मेलव्हिल आणि गोदार हे फ्रेंच दिग्दर्शक सोडले तर बाकीचा सगळा माल फुटपाथवरचा. त्यात मी कधीकधी डब केलेली आवृत्ती बघते म्हटल्यावर तर विचारूच नका. "वहिनी, डब सिनेमा बघणं म्हणजे दुसऱ्याच्या तोंडानं श्रीखंड खाणं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

एका गौरीजेवणाच्या रात्री सगळे आमच्याकडे मुक्कामाला होते. मागचं आवरून झालं, हॉलमध्ये गाद्या पडल्या, पोरांनी भुताचा सिनेमा लावा म्हणून गलका केला. भुताचा नाही, खुनाचा लावते म्हणून मी इटालियन दिग्दर्शक मारिओ बाव्हाचा 'ब्लड अँड ब्लॅक लेस' काढला. साल १९६४. पोरांसाठी तो अजिबात योग्य नाही, म्हणून त्यांना आधी झोपायला पिटाळलं. पिटाळलेली दाराआडून बघत होती हे नंतर कळलं.

रोममधलं एक फॅशन हाउस, तिथल्या मॉडेल्सचे एकामागून एक खून आणि एका मेलेल्या मुलीची डायरी, ज्यात सगळ्यांचीच लफडी लिहिलेली. खुन्याच्या चेहऱ्यावर पांढरं कापड ताणलेलं, नाकडोळे काही नाहीत, वर हॅट. पहिल्याच दृश्यात वादळात दुकानाची पाटी हेलकावे खाते आणि एका बाजूची साखळी तुटते. पुढे पुराण्या वस्तूंच्या दुकानात एक मुलगी अंधारात चाललेली असते आणि बाहेरचा दिवा उघडझाप करत तिच्यावर हिरवा, जांभळा रंग टाकत राहतो. तिथे दिव्याचं बटण सापडत नसल्याचा जो काही ताण आहे, तो पुढच्या कित्येक दिग्दर्शकांनी उचलला. हे सगळं जेमतेम पैशात. कॅमेरा सरकवायला रूळ, ट्रॉली वगैरे चैन नव्हती, बाव्हानं तो मुलांच्या खेळण्यातल्या गाड्यावर ठेवून ओढला. तो मुळात कॅमेरामन, दिव्यांचं गणित त्याच्या बोटांवर.

तर मी इंग्रजी ट्रॅक लावला होता. भाऊजी उठलेच. "वहिनी, इटालियन लावा. निदान पाहुण्यांना तरी खरा सिनेमा दिसू दे." लावला. पाचेक मिनिटं झाली असतील, नायक म्हणावा असा जो माणूस आहे तो बोलायला लागला आणि भाऊजी सासूबाईंना म्हणाले, "हा आवाज ऐक, आई. अस्सल. इंग्रजीत ही जादू कुठून येणार?"

मी पॉझ केलं. म्हटलं, भाऊजी, हा कॅमेरन मिचेल. पेनसिल्व्हेनियाचा अमेरिकन. सेटवर इंग्रजी बोलत होता. तुम्ही आत्ता ज्याचं कौतुक केलंत तो रोममधल्या कुणा डबिंगवाल्याचा आवाज आहे.

"मग इंग्रजी लावा. तो तरी त्याचा आवाज असेल."

लावलं. तोही त्याचा नाही! इंग्रजी आवृत्तीत त्याला आवाज दिलाय पॉल फ्रीज नावाच्या अमेरिकन आवाजाच्या कलाकारानं, आणि एकट्या त्याला नाही, चित्रपटातल्या बहुतेक सगळ्या पुरुषांना. खुनाचा तपास करणारा इन्स्पेक्टर आणि संशयित हे प्रत्यक्षात एकच माणूस स्वतःशी बोलतोय.

सासूबाईंनी सुपारी कातरता कातरता विचारलं, "मग तो बिचारा बोलला कुठे?"

कुठेच नाही. त्या काळच्या इटालियन चित्रपटांत हे असंच चालायचं. मुसोलिनीच्या राजवटीत परदेशी चित्रपट इटालियनमध्ये डब करूनच दाखवायचे असा नियम झाला, त्यातून तिथे डबिंगचा मोठा आणि वाकबगार धंदा उभा राहिला. युद्धानंतर आपलेच चित्रपटही सेटवरचा आवाज न धरता बनवायची सवय लागली. आवाज नंतर स्टुडिओत चढवायचा. त्यामुळे नट फ्रेंच असो, जर्मन असो, हंगेरियन असो, त्यानं आपापल्या भाषेत बोलावं, कुणाचं काही अडत नाही. दिग्दर्शक फेलिनी तर काही वेळा नटांना संवाद न देता नुसते आकडे म्हणायला लावायचा. भाऊजींच्या देव्हाऱ्यात असलेला 'द लेपर्ड' (१९६३) घ्या. अमेरिकन नट बर्ट लँकेस्टर सेटवर इंग्रजी बोलला आणि इटालियन आवृत्तीत त्याच्या तोंडी दुसऱ्याचाच आवाज आहे.

मी हे सगळं सांगितलं. हो, जरा जोरातच सांगितलं. जाऊबाई हसल्या, आमच्या ह्यांनी उगाच टाळी दिली, आणि भाऊजी हवा खायला म्हणून गॅलरीत गेले ते चित्रपट संपेपर्यंत आले नाहीत. अजूनही विषय निघाला की म्हणतात, "तांत्रिकदृष्ट्या तुमचं बरोबर असेल वहिनी, तत्त्वतः चूक आहे." कोणतं तत्त्व ते आजवर सांगितलेलं नाही.

म्हणून तुम्हाला सरळ सांगते. इटालियन असेल तर ज्या ट्रॅकचा आवाज स्वच्छ आहे तो लावा आणि अपराधी वाटून घेऊ नका. जर्मन असेल तर जर्मनच. फ्रेंच असेल तर फ्रेंचच, तिथे मी भाऊजींच्या बाजूनं.

जर्मन म्हणजे कोणते, तर ज्यांना ते लोक 'क्रिमी' म्हणतात ते, इंग्रज रहस्यकथाकार एडगर वॉलेसच्या कादंबऱ्यांवरचे. रियाल्टो या कंपनीनं १९५९ ते १९७२ या काळात असे तीसहून जास्त काढले. गोष्ट लंडनची, पात्रं सर आणि लेडी, पोलीस स्कॉटलंड यार्डचे, बोलतात सगळे खणखणीत जर्मन आणि चित्रीकरण बहुतेक हॅम्बुर्ग नाहीतर बर्लिनमध्ये. मध्येच लंडनची दुमजली बस दाखवली की झालं लंडन. 'डेड आइज ऑफ लंडन' (१९६१) हॅम्बुर्गचा आहे. तिथली कालव्याकाठची लाल विटांची गोदामं मी रोज बघायची, त्यामुळे धुक्यातून आंधळा खुनी चालत येतो तेव्हा मला भीतीच्या आधी पत्ता आठवतो. त्यात एका ठिकाणी एक म्हातारा पाण्याच्या फवाऱ्यानं दात साफ करतोय आणि कॅमेरा त्याच्या तोंडाच्या आत बसलाय, दातांच्या मागून बाहेर बघतोय. कथेला याची काडीची गरज नाही. दिग्दर्शक आल्फ्रेड फोरर, युद्धात एक हात गमावलेला माणूस, त्याला असली थेरं सुचायची आणि तो ती करायचा. याच फोररची बर्लिनमध्ये डबिंग कंपनी होती, ही माहिती मी भाऊजींना मुद्दाम पोस्टकार्डावर लिहून पाठवली होती.

क्लाउस किन्स्की हा नट यातल्या बऱ्याच चित्रपटांत आहे, आणि पडद्यावर आला रे आला की संशय त्याच्यावर. बहुतेक वेळा खुनी तो नसतो, पण लपवण्यासारखं काहीतरी त्याच्याकडे असतंच आणि शेवटापर्यंत तो सहसा टिकत नाही. एडी आरेंट विनोद करतो. विनोद जर्मन आहे, सहन करा. पेटर थॉमसचं संगीत मात्र कान देऊन ऐका. त्यात गोळीबार, किंकाळ्या, ऑर्गन काय वाट्टेल ते आहे. बाबूराव अर्नाळकर वाचून वाढलेल्या माणसाला या चित्रपटांत परकं काहीच वाटणार नाही. बुरखे, भुयारं, मृत्युपत्र, गुप्त दार, सगळी मंडळी हजर.

फ्रेंचांचं काम वेगळं. तिथे बोलणं कमी आणि हात जास्त बघायचे. जाक बेकेरचा 'ल त्रू' (१९६०) घ्या. पॅरिसच्या सांते तुरुंगातून पळायचा प्रयत्न करणारे पाच कैदी. ते दात घासायच्या ब्रशला आरशाचा तुकडा बांधून दाराच्या भोकातून बाहेर सरकवतात आणि पहारेकरी कुठे आहे ते बघतात. मग पलंगाच्या लोखंडानं जमीन फोडायला घेतात. कॅमेरा हलत नाही, संगीत नाही, काँक्रीट फुटेपर्यंत तुम्ही नुसते घाव ऐकत बसता. १९४७ साली खरोखर हा प्रयत्न करणाऱ्यांपैकी एक जण, ज्यां केरोदी, यात स्वतः काम करतो. बेकेर चित्रपट लागायच्या आधीच गेला. मेलव्हिलच्या 'ल सामुराई'त (१९६७) पहिली दहाएक मिनिटं कुणी बोलतच नाही. आलँ दलाँ चोरायच्या गाडीत बसतो, किल्ल्यांचा जुडगा शेजारच्या सीटवर ठेवतो आणि समोर बघत एकेक किल्ली लावत जातो. घाई नाही. याचं चित्रीकरण चालू असतानाच मेलव्हिलचा स्वतःचा स्टुडिओ जळाला आणि चित्रपटात दलाँच्या खोलीत पिंजऱ्यात दिसणारा पक्षीही गेला. असला चित्रपट डब करून बघणाऱ्याला काय म्हणायचं ते भाऊजींना विचारा.

आता हेरपट. १९६२ साली बाँडचा 'डॉक्टर नो' चालला, १९६४ला 'गोल्डफिंगर'नं पैशाचा पाऊस पाडला आणि रोम, पॅरिस, माद्रिद, म्युनिकमधल्या निर्मात्यांनी एजंटांचे कारखाने काढले. पैसा दोनतीन देशांचा, म्हणून प्रत्येक देशाचा एक नट आत. प्रत्येक देशात तो चित्रपट आपलाच म्हणून दाखवला की तिथल्या सवलती पदरात. नायक शक्यतो अमेरिकन, नाहीतर अमेरिकन नाव लावलेला इटालियन. 'कमिसार एक्स' मालिकेतला टोनी केंडल हा जन्माचा लुचानो स्टेल्ला. त्यातला एक भाग तर १९६६ साली सिलोनला जाऊन काढलाय. इस्तंबूल, बैरूत, लिस्बन बघायला मिळतं, तेही पर्यटकांची गर्दी व्हायच्या आधीचं. फक्त यातल्या ओएसएस ११७ या हेराला बाँडची नक्कल म्हणू नका. ज्यां ब्रूसनं तो १९४९ला लिहिला, बाँडची पहिली कादंबरी १९५३ची.

आणि हे सगळं फार चमचमीत झालं की 'द स्पाय हू केम इन फ्रॉम द कोल्ड' (१९६५) लावा. रिचर्ड बर्टन, बर्लिनची भिंत, आणि एकही सुखी माणूस नाही. ती भिंत आणि चेकपॉइंट चार्ली ही भिंतीवरची सीमाचौकी डब्लिनमध्ये उभारली होती. तरी बर्लिनचं एवढं गारठलेलं चित्र बर्लिनमध्ये काढलेल्या चित्रपटांतही मला दिसलं नाही.

सुरुवात म्हणाल तर 'डेड आइज ऑफ लंडन'नं करा, आवडला तर बाव्हा, मग फ्रेंच. फ्रेंचांपासून सुरू केलंत तर बाकीचे फालतू वाटतील आणि तुम्ही माझ्या दिरांसारखे व्हाल.

एक सांगायचं राहिलं. बायकांना हे चित्रपट बरे वागवत नाहीत. बाव्हासारखा कारागीरसुद्धा खून जेवढ्या प्रेमानं सजवतो तेवढं प्रेम जिवंत बाईवर करत नाही, आणि हे मला दर वेळी खटकतं. हेरपटांत आशियाई दिसला की तो खलनायक किंवा नोकर, आणि पुष्कळदा मेकअप केलेला युरोपीय. वॉलेस मालिकेत 'द इंडियन स्कार्फ' (१९६३) म्हणून एक आहे. नाव बघून हुरळून जाल, तर त्यात भारत म्हणजे गळा आवळायचा रुमाल, एवढाच. बाकी सगळे वारस स्कॉटलंडच्या वादळात एका वाड्यात अडकलेत आणि मृत्युपत्राच्या वाचनाची वाट बघतायत. तरीही बघा. नावं लक्षात ठेवायचा आटापिटा मात्र करू नका, मध्यंतरापर्यंत त्यातले निम्मे मेलेले असतात.